मधल्या दाराची चौकट

गेल्या पावसाळ्यात अम्मी मोरीजवळ घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड पडला, आणि दहाव्या दिवशी वॉकर घेऊन आम्ही घरी आलो. त्याच रात्री कळलं की वॉकर मधल्या दारातून जात नाही. दाराचा मोकळा गाळा एकवीस इंच, वॉकर तेवीस. अम्मीच्या खोलीतून संडासाकडे जायला दुसरी वाट नाही. पुढचे कित्येक दिवस मी आणि बायको तिला दोन्ही बाजूंनी धरून, आडवं चालवत, त्या दारातून नेत होतो. फजरच्या आधी एकदा तिघंही चौकटीत अडकलो. अम्मी हसली, पण तिचा हात थरथरत होता.

दार रुंद करायचं ठरलं. बोलायला सोपं.

ती चौकट अब्बांनी बनवलेली. अब्बा भुसावळला रेल्वेत सुतार होते. डब्यांतल्या लाकडी फळ्या, दारं, खिडक्या त्यांच्या हातून दुरुस्त व्हायच्या. पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५ पासून पोलादी डबे येऊ लागले आणि हळूहळू लाकूड रेल्वेतून हद्दपार होत गेलं. अब्बा नोकरीला लागले तेव्हाही जुने डबे होतेच, पण आपला धंदा उतरणीला लागलाय हे त्यांना दिसत होतं. म्हणून मला त्यांनी करवतीला हात लावू दिला नाही. मी बीएड झालो, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवायला लागलो. सुताराचा मुलगा, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक मारणार!

घर १९८२ सालचं. भिंती विटांच्या, पण जुडाई मातीची. अब्बांनी लिलावात घेतलेल्या जुन्या सागवानाची चौकट केली आणि प्रत्येक बाजूला तीन-तीन होल्डफास्ट, म्हणजे लोखंडी पट्ट्या, भिंतीत पुरल्या. वरच्या आडव्या पट्टीची टोकं भिंतीत चार-चार बोटं आत. त्या पट्टीला अब्बा कायम 'गणेशपट्टी'च म्हणायचे. धंद्यात शब्द तोच होता, आणि आमच्या घरात त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

गवंडी आला, भिंतीवर बोट आपटून म्हणाला, ''सर, छन्नी-हातोड्यानं चौकट काढली तर निम्मी भिंत सोबत येईल.'' सुतार म्हणाला, ग्राइंडरला लाकडाची चकती लावतो, चौकटीचे तुकडे करून काढतो. ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी चकती लावणं हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि भयंकर आहे. चकती लाकडात अडकली की मशीन हातातून उसळतं, कुठं जाईल सांगता येत नाही. शिवाय चार इंची चकती आत जाते जेमतेम इंचभर. होल्डफास्ट तर चौकटीच्या पाठीमागे. आणि तुकडे करायला माझं मन तयार नव्हतं. अम्मी एवढंच म्हणाली, ''निकालो बेटा, मगर साबूत निकालो.''

चौकट आणि भिंत यांच्या फटीत लांब, पातळ पातं घालून फक्त त्या सहा पट्ट्या कापता आल्या तर? हॅक्सॉचं पातं नुसतं हातात धरून मी एक रात्र घासत बसलो. पट्टीवर चकाकी आली, बाकी काही नाही. मग एका जुन्या विद्यार्थ्यानं, तो आता फॅब्रिकेशनचं काम करतो, रेसिप्रोकेटिंग सॉ सुचवली. लांबट मशीन, पुढे चोचीसारखं पातं, आणि ते पातं सरळ पुढे-मागे धावतं. मराठी विश्वकोशात या गतीला 'पश्चाग्र' म्हटलंय. दुकानात जाऊन 'पश्चाग्र करवत द्या' म्हणायची हिंमत या मराठीच्या शिक्षकाला झाली नाही. अमेरिकेत मिलवॉकी कंपनीनं १९५१ मध्ये 'सॉझॉल' नावानं ती बाजारात आणली. तिथं जुनी घरं मोडताना-दुरुस्त करताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन ती सर्रास वापरतात. आपल्याकडच्या सुताराकडे ती क्वचितच दिसते, कारण तिचा काप सुबक येत नाही. फर्निचरला ती निरुपयोगीच.

बॅटरीची घ्यायची की वायरची, यावर दुकानदारानं माझा अर्धा तास घेतला. बॅटरीची दिसायला झकास. पण वर्षातून दोनदा लागणारं मशीन, मध्ये सहा महिने कपाटात पडणार, आणि भुसावळचा मे महिना पंचेचाळीसच्या वर. त्या उष्णतेत बॅटरी खराब व्हायला वेळ लागत नाही. बॅटरी आणि चार्जर धरले की किंमतही बरीच वर जाते. वायरची घेतली, नऊ हजारांच्या आसपास. दीपनगरचं वीज केंद्र इतकं जवळ असूनही आमच्याकडे लाईट जाते, हा तिचा दोष नाही.

तुम्ही कधी घेणार असाल तर माझा तजुर्बा ऐका. घरच्या कामाला हजार ते बाराशे वॅट पुरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पातं एका फेरीत किती सरकतं ते. अठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास असेल तर भुसा बाहेर पडत राहतो आणि काप भराभर होतो. स्वस्त मशीनमध्ये हा आकडा वीसच्या आसपास असतो आणि तो डब्यावर बारीक अक्षरात छापलेला असतो. घोडा दाबू तसा वेग कमी-जास्त झालाच पाहिजे, कारण लोखंडाला सावकाश आणि लाकडाला जलद चालवावं लागतं. वजनही हातात घेऊन बघा. साडेतीन-चार किलो दुकानात काही वाटत नाही, खांद्याच्या उंचीवर धरून ठेवा म्हणजे कळेल.

आणि पाती. खरं काम तीच करतात. लाकडाला इंचात सहा दात, खिळे असलेल्या जुन्या लाकडाला दहा, लोखंडी पट्टीला चौदा ते अठरा. जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. मी बायमेटल पाती घेतली, नऊ इंची, म्हणजे थोडी वाकून फटीत शिरतील अशी. सोबत चष्मा, हातमोजे, कानात घालायचे बोळे.

दिवाळीच्या सुटीत काम काढलं. गवंड्यानं आधी दाराच्या दोन्ही अंगांना टेकू लावले, वरच्या भिंतीचा भार त्यांच्यावर घेतला. हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यानंच बजावलं. त्या भिंतीतून बटणाची वायर गेलेली होती, म्हणून त्या खोलीची लाईन बंद केली आणि पुढच्या खोलीतून एक्स्टेन्शन आणलं. घरातलं बारीक वायरचं नको, दीड चौरस मिलिमीटरचं तांब्याचं. मशीन पाचेक अँपिअर ओढतं, बारीक वायर गरम होते.

पहिला काप फसला. मशीनच्या तोंडाशी एक लोखंडी पाय असतो, तो चौकटीला घट्ट टेकवून धरायचा असतो. मी तो अर्धा इंच लांब धरला. पात्याचं टोक विटेवर आपटलं, सगळं मशीन मागेपुढे हिसके देऊ लागलं आणि पातं केळीच्या सालीसारखं वाकलं. गवंडी दोन पावलं मागे सरला. प्लग काढला, पातं बदललं (घाईत उघड्या बोटांनी धरलं, चटका बसला, लोखंड कापलेलं पातं तापलेलं असतं). दुसऱ्या खेपेला पाय टेकवला, सावकाश सुरू केलं, आणि जोर लावायचा मोह आवरला. लहानपणी अब्बांना बघताना कानावर पडलेलं एक वाक्य होतं, ''आरी को चलने दो, धकेलो मत.'' ते मला नव्हतं, त्यांच्या हाताखालच्या पोराला होतं.

पहिली पट्टी मिनिटभरात कापली. सहाही व्हायला दुपार गेली, कारण माझे हात दर दहा मिनिटांनी बधिर व्हायचे. गणेशपट्टीची टोकं मात्र कापावीच लागली. तिथं मी मशीन बंद करून बराच वेळ उभा राहिलो. अम्मी अंगणात खाटेवर तसबीह घेऊन बसली होती, आवाज थांबला तशी तिनं विचारलं, ''क्या हुआ?'' मी काही नाही म्हटलं आणि दहा दातांचं पातं लावलं.

दोघांनी मिळून चौकट उचलली तेव्हा भिंतीच्या चार-पाच विटाच सुटल्या. भिंतीकडच्या बाजूला लाकूड कोरं होतं, रंग नाही, वॉर्निश नाही. तिथं पेन्सिलनं मापं लिहिलेली. वर उर्दू आकडे, आणि खाली तेच आकडे मराठीत, जरा वेडेवाकडे. अब्बांना मराठी लिहिता येत नाही, असंच मी आजवर समजत होतो. ''गवंड्यासाठी लिहिलं असेल,'' आमचा गवंडी म्हणाला. ''तो माझा बाप होता, सर. त्याला उर्दू कुठली येणार?''

नंतरचं काम त्याचं. एका बाजूनं आठ इंच विटा एकेक करून काढल्या, वर लांब लिंटल टाकलं, सिमेंटनं कड बांधली. नवी चौकट लोखंडी बसवली. आता एकोणतीस इंचांतून अम्मी एकटी जाते, रात्रीही, आणि वॉकरचा टकटक आवाज ऐकून मी कूस बदलतो.

जुनी चौकट व्हरांड्यात टेकवून ठेवली आहे. अम्मीला तिचा पाट हवाय, बायकोला पुस्तकांचं कपाट. लेखी बाजू दिसेल असं कापायचं कसं, यावर अजून एकमत नाही, म्हणून कापलेली नाही. मशीन सध्या गल्लीतल्या एका घरी गेलंय, त्यांच्या नळाचा जुना लोखंडी पाईप कापायचाय. पाती ज्याची त्यानं आणायची, एवढीच अट घातली आहे.