तोच रन पुन्हा कशाला?

प्रयोगांचा तक्ता मंजुरीला गेला की साहेबांची पेन्सिल हमखास त्याच ओळींवर अडते. ७० अंश, ४ तास, ३ टक्के कॅटॅलिस्ट, आणि हेच सहा वेळा. “अहो, एकदा केलं ना? पाच बॅचचा माल वाचेल.”

तीन घटकांच्या सेंट्रल कॉम्पोझिट डिझाइनमध्ये साधारण २० रन असतात: ठोकळ्याचे ८ कोपरे, अक्षांवर बाहेर काढलेले ६ बिंदू आणि मध्यावरचे हे ६. कोपरे सांगतात, तापमान वाढवल्यावर वेळेचा परिणाम बदलतो का. एकेक घटक हलवत बसलं तर हे हाती लागत नाही. अक्षांवरचे बिंदू वक्रता दाखवतात. पण यील्ड ८१ वरून ८४ झालं, ती खरी चढण की रोजचीच घटबढ? ते तोच रन पुन्हा लावल्याशिवाय कळायचं नाही. मध्यावरचेच आकडे तीन-चार टक्क्यांनी इकडेतिकडे पळत असतील, तर सॉफ्टवेअरने काढलेल्या रंगीत टेकडीकडे मी बघतही नाही.

हे सहा रन एका दमात उरकायचेही नाहीत. एक सुरुवातीला, एक शेवटी, उरलेले मधे विखरून. बाकीच्या रनचा क्रमही असाच विस्कटलेला हवा. ऑपरेटरला वाटतं, बाथ तापलाय तोवर ८० अंशाचे सगळे काढून घ्यावेत. तसं केलं की तापमानाचा परिणाम कुठला आणि जुन्या होत चाललेल्या कॅटॅलिस्टचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही.

जॉर्ज बॉक्स आणि रसायनतज्ज्ञ के. बी. विल्सन यांनी १९५१ साली ही पद्धत मांडली, तेव्हा बॉक्स मँचेस्टरला आयसीआयच्या रंग विभागात होते. शेतावरच्या प्रयोगाला हंगामभर थांबावं लागतं. रिॲक्टर संध्याकाळी उत्तर देतो, आणि उद्या काय करायचं ते त्यावरून ठरवता येतं. कारखान्यात बसलेल्या माणसालाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

तरी पुस्तकातला तक्ता जसाच्या तसा उचलू नये. तीन घटकांना अक्षबिंदूंचं अंतर १.६८२ येतं. म्हणजे ६० ते ८० अंशांच्या पट्ट्यात वरचा बिंदू ८६.८ वर. सॉल्व्हंट म्हणून घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल ८२ लाच उकळतं, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? अशा वेळी मी १९६० सालचं बॉक्स-बेन्केन घेतो: कडांच्या मध्यावर १२ रन, केंद्रावर ३. कमाल तापमान, कमाल वेळ आणि कमाल कॅटॅलिस्ट एकत्र येऊन माल काळा पडतो, तो कोपराही त्यात टळतो. मात्र त्या कोपऱ्यात काय होईल असं प्रॉडक्शनवाल्यांनी विचारलं, तर समीकरणातून आकडा काढून देत नाही. तिथे बॅच लावूनच बघावी लागते.