तुतारी आणि तुत्तूरी

केशवसुतांची 'तुतारी' मी एप्रिलभर घसा खरवडून पाठ करीत होते. १८९३ साली लिहिलेली, रूढींवर तुटून पडणारी ती कविता परीक्षेला हमखास येणार, असे आमच्या वर्गाचे भाकीत होते. मे महिन्यात मला दुसरीच एक तुतारी भेटली. ती पत्र्याची होती.

हुबळीहून ताईची मुलगी सुट्टीला आली. वय वर्षे सहा. वडील कन्नड, शाळा कन्नड, शेजार कन्नड. मराठी तिला थोडेफार समजते. बोलत मात्र नाही. आमच्या आईचे माहेर चंदगडकडचे. बेळगावात येऊन तीस वर्षे झाली, तरी तिची कन्नड भाजीबाजारात 'एष्टु?'ने सुरू होते आणि 'ब्याड'ने संपते. एवढ्या भांडवलावर नातीशी किती बोलणार? चार दिवस दोघी एकमेकींकडे पाहुण्यांसारख्या बघत होत्या. चौथ्या रात्री आई म्हणाली, "पोरगी आपलीच. पण हिला गोष्ट सांगायची ती कुणी? मी तर नाहीच." आम्ही हसण्यावारी नेले. ती हसली नाही.

मी पडले मराठीची विद्यार्थिनी. मला चेव आला. रात्री जागून एक बालकविता लिहिली. झाड, पाखरू आणि शेवटी 'मोठ्यांचे ऐकावे' हा उपदेश. यमके चोख, मात्रा मोजलेल्या. भाचीने हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकली आणि अगदी सभ्यपणे विचारले, "मुगीता?" म्हणजे, संपली का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बंब पेटवीत होती. भाची उंबऱ्यावर बसून स्वतःशीच एक कविता म्हणू लागली. जी. पी. राजरत्नम् यांची ती कविता कन्नड घरांतून पिढ्यान् पिढ्या पाठ आहे. कस्तुरी नावाचा मुलगा रंगीत पत्र्याची तुत्तूरी विकत घेतो. ती वाजवीत, असली वस्तू दुसऱ्या कुणाकडेच नाही अशा तोऱ्यात रस्त्याने हिंडतो. संध्याकाळी तळ्याकाठी तुत्तूरी हातून निसटून पाण्यात पडते. पुन्हा वाजवायला जावे, तर 'सरिगम' नाहीच, नुसते 'गगगग'! रंगही धुऊन गेलेला.

आईला त्यातले काय कळले असेल? तुत्तूरी, कस्तुरी आणि सरिगम, एवढेच. पण 'गगगग' आले आणि ती खुदकन् हसली. हातातली फुंकणी तिने पुसली, पाण्याच्या बादलीत बुडवली आणि फुंकली. गुड् गुड् गुड् असा काही आवाज आला की भाची उंबऱ्यावरून खाली घसरली. मग म्हणाली, "आजी, परत!"

हे मराठी दोन शब्द आमच्या घरात त्या दिवशी किती वेळा ऐकू आले, त्याचा हिशेब नाही. बंब मात्र विझला.

माझी कविता का पडली, याचा विचार मी नंतर केला. 'गगगग'ला हसायचे तर सात सूर क्रमाने ठाऊक असावे लागतात. मुलाने तो क्रम नुकताच, कष्टाने शिकलेला असतो. तो मोडलेला त्याला ओळखता येतो, म्हणून ते हसते. म्हणजे गमतीची कविता मुलाला शहाणे समजते. माझी कविता त्याला अडाणी समजून शिकवायला बसली होती. राजरत्नम् गर्वाचे घर खाली करतात, पण बोट उगारीत नाहीत. ते काम पाणीच करते.

आपल्याकडे विंदा करंदीकरांनी हे ओळखले होते. 'राजा लिअर' मराठीत आणणाऱ्या ह्या कवीने 'एटू लोकांचा देश' वसवला आणि १९८१ साली 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ'ही आणली. ज्या भुतांना घाबरायचे, त्यांचीच गंमत! आमच्या अभ्यासात मात्र विंदा येतात ते मोठ्यांच्या कवितांपुरते. बालकविता म्हणजे कवीचा सुट्टीचा उद्योग, असा आपला समज. मीही त्याच समजुतीने एका रात्रीत ती लिहायला बसले होते.

भाची गेली. आता फोनवर आजी-नातीचे बोलणे 'गगगग'ने सुरू होते. पुढे थोडी मराठी, थोडी कन्नड. आईची कन्नड 'ब्याड'च्या पुढे सरकली आहे. रात्री ती मला एकेक शब्द विचारते आणि मी चुकले, तर दुसऱ्या दिवशी नातीकडून दुरुस्त करून घेते.

केशवसुतांनी १९०५ साली देह ठेवला तो हुबळीतच. पुढच्या खेपेला भाचीला त्यांची 'तुतारी' म्हणून दाखवावी म्हणते. 'मुगीता?' असे विचारील, त्याला माझी तयारी आहे.

झाडा-पाखराची ती कविता संपादकांनी ह्या अंकासाठी मागितली होती. दिली नाही.