पसरणीच्या घाटात ब्रेक खरं बोलतो

पुण्याहून शनिवारी सकाळी निघायचं, सुरूरला हायवे सोडायचा, वाईत ढोल्या गणपतीला हात जोडायचे, मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा बघायचा आणि पसरणीचा घाट चढून थेट पाचगणी! झकास प्लॅन होता. शिवाय आमच्या सेकंडहँड गाडीला आदल्याच आठवड्यात नवे ब्रेक पॅड टाकले होते.

एक शंका तेवढी होती. पॅड बदलल्यापासून ऑफिसातून घरी येताना दोनदा ब्रेक पेडल मऊ लागलं होतं. सकाळी गॅरेजात दाखवलं, तर एकदम कडक! ‘साहेब, गाडी ओके आहे.’ मीही मान डोलावली.

रविवारी संध्याकाळी उतरताना घाटाने पितळ उघडं पाडलं. चौथ्या-पाचव्या वळणावर पेडल पार खाली गेलं. मागे आई स्ट्रॉबेरीची खोकी मांडीवर घेऊन बसलेली. भराभर पेडल मारलं, गाडी दुसऱ्या गिअरवर आणली आणि एका मोकळ्या जागी कशीबशी थांबवली. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला. खाली वाईचे दिवे लागत होते. आई एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

वाईहून फोनवर बोलावलेला मेकॅनिक बाइकवरून आला. बॉनेट उघडण्याआधी त्याने प्रश्नच विचारले. ‘गार असताना होतं का तापल्यावर? गाडी एका बाजूला ओढते का?’ मग चाकांजवळ हात नेला. पुढचं उजवं कोमट, डावं मात्र भट्टीसारखं!

नवे पॅड टाकताना कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलंच नव्हतं. पिन अडकली आणि पॅड डिस्कला घासत राहिला. त्यात ब्रेक ऑइल जुनं, चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हाच आकडा १४० च्या आसपास येतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पेडल खाली जातं. गार झालं की सगळं पुन्हा ठणठणीत! गॅरेजात मी गाडी नेहमी सकाळी, गारच नेत होतो.

गाडी टो करून वाईला नेली, आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी पिना मोकळ्या झाल्या, नवं ऑइल भरून लाइनमधली हवा काढली.

तेव्हा मंडळी, ब्रेक कधीतरीच दगा देत असेल तर ‘कधी’ ते लिहून ठेवा. दोन-तीनदा मारल्यावर पेडल वर येत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा असते. पाय स्थिर ठेवूनही ते हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टर सिलिंडर तपासा. तापल्यावरच मऊ होत असेल, तर मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी तापेपर्यंत फिरवा, पण सपाट रस्त्यावर. आणि खात्री पटेपर्यंत घाट नकोच. पाचगणी कुठे पळून जात नाही!