पायथ्याचा सण

महाड सोडल्यावर नाते, कोंझर मागे टाकत रस्ता वर चढतो आणि पाचाडला येऊन जरा सैल होतो. रायगडावर निघालेल्या माणसाच्या लेखी पाचाड म्हणजे चहाची टपरी, गाडी लावायची जागा आणि मान वर केल्यावर दिसणारा गड. इथून तो चित दरवाजाच्या पायऱ्यांकडे वळतो, नाहीतर हिरकणीवाडीच्या रोपवेकडे. परत येताना पाय दुखत असतात, पुढे मुंबई-पुण्याचा रस्ता असतो, म्हणून जिजाऊंच्या समाधीला कितीतरी जण गाडीतूनच हात जोडतात. आम्ही पायथ्याची माणसं. गड कायम आमच्या पाठीशी. सणाच्या सकाळी अंगणात आलं की आधी बघायचं ते एवढंच, की धुकं वर सरकलंय का, आणि आज गड दिसतोय का.

या गावाने मला सणाविषयी एक गोष्ट शिकवली आणि ती मला अजून कुठे खोटी ठरलेली दिसली नाही. सण येतो तो जिथे कुणीतरी घर धरून बसलेलं असतं तिथे. बाकीचे सगळे फक्त त्या घराकडे येत असतात.

पाचाडला जिजाऊंचा वाडा होता. गडावरचा वारा आणि गारठा उतारवयात मानवेना म्हणून महाराजांनी आईसाठी खाली वाडा बांधला, असं सांगतात. आज जोती उरली आहेत, तटाच्या भिंती उरल्या आहेत, विहिरी आहेत. त्यातल्या एका विहिरीच्या काठी टेकून बसता येईल असा घडीव दगड आहे, म्हणून तिला तक्क्याची विहीर म्हणतात. पाणी भरायला आलेल्या बायकांशी महाराज इथे बसून बोलत, अशी आठवण गाव सांगतं. मला हा दगड सिंहासनाच्या चौथऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. राजा आईकडे आला की कुठे बसत असेल, हे दाखवणारी दुसरी जागा आपल्याकडे कुठे आहे?

1674 सालचा तो उन्हाळा बघा. हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील मे महिन्यात पाचाडला येऊन पोचला, तेव्हा महाराज गडावर नव्हतेच. ते प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते, आणि वकिलाला पायथ्याशी वाट बघत थांबावं लागलं. एवढा मोठा सोहळा तोंडावर आलेला, देशोदेशीची माणसं जमू लागलेली, आणि राजा आधी कुलदेवीकडे जातो, तिला सोन्याचं छत्र वाहतो, मग माघारी येतो. 29 मे रोजी चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांची मुंज झाली. 6 जूनला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, राज्याभिषेक झाला. सगळा महाराष्ट्र हा दिवस जाणतो. त्याच्या आतला घरगुती भाग मात्र आपण भराभर वाचून पुढे जातो. देवीचं दर्शन, मुंज, मंत्रपूर्वक पुन्हा केलेले विवाह, आईला वंदन. कुठल्याही घरात मंगलकार्याआधी जे होतं तेच इथे झालं. आणि मुलाच्या डोक्यावर छत्र पाहून झाल्यावर अकरा दिवसांनी, 17 जूनला, जिजाऊंनी पाचाडला देह ठेवला. त्यांची समाधी गडावर नाही. ती आमच्या गावात आहे.

आता 6 जूनला आणि तिथीलाही रायगडावर मोठा उत्सव होतो. राज्यभरातून तरुण पोरं येतात, रात्रभर चढतात, आणि पाचाडची घरं पहाटेपासून पिठलं-भाकरी करत असतात. मला त्या पोरांचा हुरूप फार आवडतो. आवडत नाही ते दुसऱ्या दिवशी वाटेवर पडलेलं प्लास्टिक. ज्यांना गड देवासारखा वाटतो त्यांनी तो आपल्या आजीचं अंगण असल्यासारखा वापरावा, एवढं तरी आपण मागू शकतो.

गडाची दुसरी गोष्टही सणाचीच आहे. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली हिरकणी गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. ही दंतकथा आहे, कागदपत्रांत तिचा माग काढत बसू नये. पण पायथ्याच्या लोकांनी हीच गोष्ट इतकी वर्षं का जपली, हे मला उमगतं. वर चांदणं, आटवलेलं दूध, राजाचा उत्सव. खाली एक अंधारं घर. तिला सण वर नव्हताच.

कोजागिरी म्हणजे आमच्या भागात नव्याची पौर्णिमा. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं, कुरडूची फुलं, झेंडू असं एकत्र बांधून दाराला लावतात. त्याला नुसतं ‘नवं’ म्हणतात. नवं बांधलं की घराला भात मिळाला. त्या दिवशी नव्या तांदळाचं काहीतरी शिजतं आणि त्याचा वास ओटीपर्यंत येतो. विकत आणलेल्या कुठल्याही सजावटीत मला हा आनंद सापडलेला नाही, कारण त्या लोंबीमागे आवणीतल्या वाकलेल्या पाठी असतात आणि दाराखालून जाताना त्या आठवतात.

पण आमच्याकडे खरा भरतो तो गणपतीचा सण. मुंबई, ठाणे, सुरत, बडोदा, जिथे जिथे महाड-पोलादपूरची माणसं पोटासाठी गेली तिथून ती निघतात. 1993 मध्ये कोकण रेल्वेची गाडी रोह्याहून वीरपर्यंत आली आणि अनेकांची वाट सोपी झाली, तरी एसटीच्या जादा गाड्या आणि महामार्गावरची रांग अजून सुटलेली नाही. रात्रभर अंग आंबवून पहाटे दारात उभं राहिलं की काकी पहिल्यांदा म्हणते, “पाय धू आधी.” तांब्याने पायावर घेतलेलं ते गार पाणी, मग चुलीजवळ बसून कोरा चहा. माझ्यासाठी सण तिथेच सुरू झालेला असतो. मूर्ती यायची असते अजून.

काकीचा सण मात्र पंधरा दिवस आधी लागलेला असतो. पावसाने ओल धरलेल्या भिंती पुसायच्या, चुना काढायचा, माळ्यावरची भांडी उतरवून चिंचेने घासायची, मोदकांसाठी तांदूळ धुऊन वाळवून दळून आणायचा, आणि हे सगळं ऊन मिळेल तेव्हा. भाद्रपदात आमच्याकडे ऊन मागून मिळत नाही. गौरीसाठी तेरडा कुठे फुललाय हे तिने हेरून ठेवलेलं असतं. हळदीची पानं परसातली. अळू परसातलं. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून परसातलं आणि रानातलं जे आपसूक उगवलेलं तेच. त्या भाजीला तेलमसाला जवळपास नसतो आणि तरी ताट पुसून खाल्लं जातं.

पातोळ्यांचा घास घेताना हळदीच्या पानाचा वास आधी नाकात शिरतो. मला वाटतं, आमच्या घराण्याचा वारसा काय असं कुणी विचारलं तर मी हा वास सांगेन. आमच्याकडे ताम्रपट नाही, सनद नाही, वाडा नाही. आजीने काकीला शिकवलेली उकड आहे. तांदूळ कुठला, पाणी किती, मीठ किती, कधी झाकण काढायचं हे कुठे लिहिलेलं नाही. काकी हात बुडवून ठरवते.

मूर्ती बसली, आरती झाली की काका देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात. सगळं घर मागे उभं. ते गाऱ्हाणं मी लहानपणी फक्त कधी संपतं म्हणून ऐकायचो. आता प्रत्येक शब्द ऐकतो. त्यात घरातल्या सगळ्यांची नावं येतात, आलेल्यांची आणि न आलेल्यांचीही. कुणाची नोकरी सुटलेली, कुणाच्या लेकीचं जमत नाही, कुणाचं पोर परीक्षेला बसलंय, गाय व्यायची आहे, वरच्या खाचरात पाणी ठरत नाही. देवाला सगळं एका दमात सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, चुकलंमाकलं पोटात घे, पोरांना सुखरूप ने आणि सुखरूप आण. घरातल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख ठाऊक आहे याची अशी उघड कबुली वर्षात एकदाच मिळते. वर्षभर फोनवर न बोललेलं काकांनी कुठून ऐकलेलं असतं कोण जाणे.

मग नमस्कार. वयाने मोठ्यापासून सुरुवात, नवी जोडपी जोडीने. आशीर्वाद ठरलेलेच असतात. सुखी राहा, औक्षवंत हो. पण म्हातारी माणसं त्याला शेपूट जोडतात आणि तेच मला जास्त लागतं. “घाटात गाडी हळू चालव.” “रात्रपाळी कमी कर.” “भावाशी बोल.” आशीर्वाद इतका कामाचा असतो हे शहरात विसरायला होतं.

गौर आणायला बायका पाण्यावर जातात. वाटेत गाणी, हातात तेरडा, घरात पावलं. कुणाकडे गौरीला गोडाचा नैवेद्य, कुणाकडे तिखटाचा, कोंबडं किंवा मटण. जिची तिची गौर, जिचं तिचं माहेरपण. नव्या सुना ओवसा करतात, सुपं घेऊन थोरामोठ्यांच्या पाया पडतात. रात्री मांडवात बाल्या नाच, पायात चाळ, ढोलकी, आणि पावसाचा आवाज त्यावर. मुंबईत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस त्या फेरात शिरला की फेर त्याला जागा करून देतो आणि कुणी काही विचारत नाही.

आमच्याकडे देवही नातेवाइकांकडे जातात. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडला विरेश्वराचा छबिना भरतो, तेव्हा आसपासच्या गावांच्या ग्रामदेवता त्याच्या भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई येते, सासणकाठ्या नाचतात, रात्रभर बाजारपेठ जागी असते. शिमग्याला पालखी दारोदार फिरते. देवळातला देव त्या दिवशी आपल्या ओटीवर येऊन बसतो. बंद घरापुढे पालखी घटकाभर थांबते, आणि ते थांबणं बघवत नाही.

22 जुलै 2021 ला तळीये गावावर डोंगर कोसळला. त्याच पावसात महाड शहर पुरात बुडालं. पुढे 10 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. आमच्या वाडीत गणपती बसले, ढोलकी मात्र कुणी काढली नाही. आरती हळू आवाजात झाली. काकांच्या गाऱ्हाण्यात त्या वर्षी आमच्या घराबाहेरचीही माणसं आली. ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथे सण करत नाहीत, पण पहिल्या सणाला नातलग आपल्या घरचं जेवण घेऊन जातात, सोबत बसतात, चार घास खायला लावतात. गोडधोडाइतकंच हेही सणाचं काम आहे, आणि माझ्या मते जास्त मोठं.

आता एक बोलणं घराघरांत सुरू आहे आणि आमच्याही घरात झालं. काका-काकी थकले, रस्त्याचे हाल, मुलांच्या सुट्ट्या, तर गणपती मुंबईलाच का आणू नये? तिथे ऑर्डर दिली की मोदक मिळतात, भटजी मिळतो, दीड दिवसात सगळं आटपतं. बोलणाऱ्यांचं खोटं नाही. ज्यांच्या गावी कुणीच उरलं नाही त्यांनी तसं करावं, देव रागावणार नाही. पण जिथे अजून एक जरी माणूस घर धरून बसलं आहे, तिथला गणपती हलवू नये, असं माझं ठाम मत आहे. मूर्ती हलली की त्या घराकडे यायचं कारणच हलतं. मग नुसती जमिनीच्या सातबाऱ्यासाठी येणारी भावंडं उरतात.

काकीला विचारलं तेव्हा ती चूल फुंकत होती. म्हणाली, “देव कुठंबी बसल. मी कुठं बसू?” त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही.

तेव्हा यंदा गावी जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. चतुर्थीच्या पहाटे पोचू नका, दोन दिवस आधी निघा. भांडी तुम्ही घासा, चुना तुम्ही काढा, दळण तुम्ही आणा. उकड काढताना शेजारी बसा, लेकींनी बसा तसं लेकांनीही बसा, आणि हात घालून बघा. निघताना सामान भरण्याआधी ओटी झाडून द्या. आणि कधीतरी माघात, कसलाही सण नसताना, पाचाडला उतरा, समाधीपाशी पाच मिनिटं थांबा आणि मग आपापल्या घरच्या म्हातारीकडे जा. ती दार उघडंच ठेवते.