बरणीतला कोळी

खमरियाच्या आयुधनिर्माणीत दुसऱ्या महायुद्धापासून दारूगोळा बनतो. इथे पोस्टिंग झालं की धोक्याच्या वस्तूला लेबल आणि कुलूप लावायची सवय अंगात मुरते.

पावसाळा सरता सरता एका रिकाम्या पेटीच्या कोपऱ्यात ब्राऊन विडो कोळ्याची मादी दिसली. पोटाखाली वाळूच्या घड्याळासारखी नारिंगी खूण, शेजारी अंड्यांची काटेरी गोल पिशवी. "साब, मार दूँ?" हवालदाराने विचारलं. मी ती बरणीत घेतली.

बायकोची अट एकच: धाकट्याचा हात पोचता कामा नये. म्हणून बरणी कुलपात. आत एक काडी, तोंडाला घट्ट मलमल, बाहेर लाल अक्षरांत नाव. आठवड्याला एक रातकिडा, फवारणी न झालेल्या गवतातला, लांब चिमट्याने. हात आत कधीच नाही. आपलं सर्पविषरोधक नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी. कोळ्याच्या विषावर ते चालत नाही.

तरी चावण्यापेक्षा धास्ती अंड्यांची. ही मादी भित्री, डिवचलं तर अंग आखडून पडते. पण एकदा मीलन झालं की नराविनाही पिशव्या घालत राहते. एकेका पिशवीत शंभरावर अंडी, आणि पिल्लं मच्छरदाणीच्या भोकातून निसटतील एवढी बारीक. दर रविवारी मोजणी होते. पिशवी दिसली की डबीत बंद करून फ्रीझरमध्ये.

बदली झाली तरी तिला सोबत नेणार नाही, बाहेरही सोडणार नाही. मालवाहतुकीतून जगभर पसरलेली ही जात नव्या गावी मी कशाला पोचवू? भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र जबलपुरातच आहे. तिथे विचारून ठेवणार आहे.