या हाताचे, त्या हाताचे

या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणतात खरे, पण वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी मारुतीच्या देवळात जाऊन पाहावे. पायरीवर नाव असते, घंटेवर नाव असते, पंख्याच्या पात्यावर लाल रंगाने नाव असते आणि सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांची यादी रकमेसकट. गावाला त्यात काही वावगे वाटत नाही. वाटायचे कारणही नाही. एकाचे पाच हजार वाचून दुसरा अकराशे लिहायला सांगतो, तिसरा पाचशे एक, आणि मंडप पुरा होतो. मग ही म्हण कोणासाठी? देणाऱ्याने मिरवू नये म्हणून, हे नेहमीचे उत्तर. पण तिची खरी काळजी घेणाऱ्याच्या बाजूची असावी. देवळाला दिले तर देव लाजत नाही. माणसाला दिले की त्याची मान खाली जाते, आणि ती खाली गेलेली कोणी पाहू नये, एवढ्यासाठी ते गुपचूप.

यवतमाळच्या बाजूने नंदन निलेकणींकडे पाहताना ही म्हण डोक्यातून हलत नाही.

इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी सुरू केली. नारायण मूर्तींनी पत्नी सुधा यांच्याकडून घेतलेले दहा हजार रुपये हे तिचे सुरुवातीचे भांडवल. त्या सातांपैकी एक निलेकणी. १९७३ मध्ये ते पवईच्या आयआयटीत शिकायला आले, आणि बरोबर पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यांनी त्याच संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरून ४०० कोटी. त्यांच्या पत्नी रोहिणी माहेरच्या सोमण, मुंबईत वाढलेल्या. पाण्यासाठी काम करणाऱ्या ‘अर्घ्यम्’ला त्यांनी २००५ मध्ये स्वतःचे १०० कोटी दिले. मुलांना स्वस्तात गोष्टीची पुस्तके मिळावीत म्हणून निघालेल्या ‘प्रथम बुक्स’च्याही त्या एक संस्थापक. २०१७ साली या जोडप्याने आपली किमान निम्मी संपत्ती देऊन टाकण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. बिल आणि मेलिंडा गेट्स व वॉरन बफे यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ही प्रथा; देणारा पत्र लिहितो आणि ते जगाला वाचता येते. निलेकणींच्या पत्रात गीतेतल्या कर्म आणि फळ यांच्या श्लोकाचा आधार आहे.

म्हणजे या हाताचे साऱ्या दुनियेला कळले. आणि ते कळलेच पाहिजे. अकराशे रुपये गुपचूप द्यावेत. शंभर कोटी गुपचूप कोणी दिले तर त्यांची धास्तीच वाटायला हवी, कारण एवढा पैसा जिथे जातो तिथे तो धोरण ठरवू लागतो. इथपर्यंत म्हण मागे पडते, आणि पडू द्यावी.

पण निलेकणींचे नाव ज्याच्याशी जोडले गेले, आणि जे यवतमाळच्या घराघरांत पोचले, ते या देणग्यांपैकी काहीच नाही. ते आहे आधार. २००९ मध्ये कंपनीतले पद सोडून ते आधार देणाऱ्या प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले आणि २०१४ पर्यंत राहिले. पहिला आधार क्रमांक दिला गेला तोही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. हे सरकारचे काम होते, हजारो लोकांनी केलेले. त्याला एका माणसाचे दान म्हणता येत नाही. तरीही कोट्यवधींच्या हाती काही पोचवण्याची वाट बांधणे आणि वर्षांमागून वर्षे त्यात घालणे, याला देणे म्हणायचे नाही तर काय म्हणायचे, हेही सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळजवळच्या भारी येथून पंतप्रधानांनी किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता सोडला. देशभरातल्या नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत २१ हजार कोटींहून जास्त रक्कम गेली. प्रत्येकी दोन हजार. त्या वर्षी बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये होती; म्हणजे दोन पाकिटे बियाणे आणि वर थोडी मोड. हे पैसे कोणी हातात ठेवले नाहीत, ते खात्यात उतरले. कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही. म्हणीला हवे होते ते हेच असेल का?

फक्त एक अट: घेणारा तोच आहे, हे त्याने सिद्ध करायचे. ई-केवायसी करायची. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर त्यावर पडताळणीचा आकडा येतो. नसेल तर सेवा केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा. आणि कापूस वेचून, निंदण करून, बोंडाच्या टोकदार कडांनी टोचून झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत. “अंगठा लागत नाही,” असे लोक म्हणतात. २०२३ पासून चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, हे चांगले झाले. पण ज्याच्या बोटांवर कामाच्या सर्वांत जास्त खुणा, त्यालाच ओळख पटवायला सर्वांत जास्त त्रास, हे मनाला लागून राहते. ज्या म्हणीत देणाऱ्याचे दोन हात होते, तिच्यात घेणाऱ्याच्या हाताची अशी तपासणी कुठेच नव्हती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. म्हणीत दोनच हात आहेत. मधला तिसरा हात ती विसरते. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात, असे राजीव गांधी १९८५ मध्ये बोलले होते. पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळच्याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि मुलांसह पवनारजवळ जीवन संपवले. अशा आत्महत्यांनंतर २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज आले, त्यात यवतमाळही होते. त्या काळात मदत म्हणून गायीही वाटल्या गेल्या, आणि चाऱ्याला महाग झालेल्या घरांना त्या पोसणे जड गेले. तिसरा हात नुसता खातच होता असे नाही; घेणाऱ्याला काय हवे ते त्याने विचारलेच नव्हते.

इथे रोहिणीताईंचे आजोबा आठवतात. बाबासाहेब सोमण, बेळगावचे वकील. १९१७ साली गांधीजींनी चंपारणसाठी स्वयंसेवक मागितले तेव्हा ते बिहारला गेले. भितिहरवा गावची शाळा ते आणि कस्तुरबा सांभाळत. ती होती बांबूची आणि गवताची. एका रात्री कोणीतरी ती जाळली. सोमणांनी पक्की इमारत बांधायचे ठरवले. ते स्वतः राबू लागले तसे इतरही हात लागले, आणि विटांची शाळा थोड्याच दिवसांत उभी राहिली, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. त्याच भागात कस्तुरबांनी एका बाईला कपडे का धूत नाहीस असे विचारले, तेव्हा तिने झोपडीत नेऊन दाखवले: अंगावरच्या लुगड्याशिवाय दुसरे नव्हतेच.

हे देणे वेगळेच आहे. इथे या हाताचे त्या हाताला कळले की नाही हा प्रश्नच नाही. त्या हाताचे या हाताला कळले. विचारणारी बाई दारात उभी होती म्हणून दुसरे लुगडे नाही हे कळले. नऊ कोटी खात्यांच्या दारात कोण उभे राहणार? आणि उभे राहता येत नाही म्हणून नऊ कोटींना द्यायचेच नाही काय? रोहिणी निलेकणींनी २०२२ मध्ये समाज, सरकार आणि बाजार यांवर पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह असा, की या तिघांत समाज पहिला. आजोबांच्या विटा नक्कीच समाजाच्या होत्या. आधार सरकारचे, त्यामागची विद्या बाजारात कमावलेली. त्यात समाज कुठे बसतो, याचा शोध एखाद्या पुस्तकाने संपणारा नाही.

भितिहरव्यात भिंत कलली असती तर लोक सोमणांना जाऊन बोलले असते. हप्ता थांबला तर केंद्रावरचा मुलगा बँकेत जा म्हणतो, बँक आधार तपासा म्हणते, आणि तालुक्याच्या गावी हेलपाट्यात एक मजुरी बुडते. देणारा दिसेनासा झाला की जाब विचारायलाही कोणी उरत नाही. पण देणारा दिसत होता तेव्हा, सावकाराच्या ओसरीवर किंवा पुढाऱ्याच्या वाड्यात, जाब कोणी विचारला होता? सोमणांसारखी माणसे थोडी होती, ओसऱ्या फार. न दिसणाऱ्या हाताने त्या ओसरीपासून सोडवले, हे चिलगव्हाणच्या परिसरातला म्हातारा शेतकरीही मान्य करील; आणि त्याच दमात, अंगठा लागला नाही म्हणून परत यावे लागले, हेही सांगेल.