उचंत खाते

मी बी. कॉम. का झालो, याचे प्रामाणिक उत्तर असे की, सायन्सला जाण्याइतके मार्क मला पडले नाहीत आणि आर्ट्सला जाण्याइतके वडील श्रीमंत नव्हते. राहिले कॉमर्स. "बी. कॉम. झालास की बँकेत चिकटशील," असे वडील म्हणत. चिकटणे हा त्या काळी करिअरला प्रतिशब्द होता. १९७६ साली मी चिकटलो, तो निवृत्त होईपर्यंत सुटलो नाही.

आमच्या नातीचे तसे नाही. ती बी. एम. एस. करते. सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले, तेव्हापासून मुंबईत बी. कॉम. होणारे होतच होते. मग १९९९ साली मुंबई विद्यापीठाने बी. एम. एस. सुरू केला आणि घरात शिकलेली सून आल्यावर सासूचे होते तसे आम्हा बी. कॉम. मंडळींचे झाले. आम्ही हिशेब ठेवायचे आणि यांनी हिशेब ठेवणाऱ्यांना ठेवायचे, असा एकंदर फरक!

नातीची तयारी मात्र जोरात असते. एकदा भर उन्हाळ्यात काळा कोट घालून तिने आम्हा दोघांपुढे 'ग्राहकाचे समाधान' या विषयावर वीस मिनिटे प्रेझेंटेशन दिले. ते संपल्यावर हिने विचारले, "एवढं कळतंय ना? मग जा, वाण्याकडून ही किडकी डाळ बदलून आण." नात गेली आणि तीच डाळ व शिवाय अर्धा किलो गूळ घेऊन परत आली. आमचा वाणी सातवी पास आहे.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीचा सराव म्हणून तिने मला खुर्चीवर बसवले.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"देवाची कृपा असली तर इथंच."

"आजोबा, नापास!"

आता खरे सांगायचे तर आमची तरी काय तयारी होती? देणाऱ्याचे जमा, घेणाऱ्याचे नावे, हा मंत्र तीन वर्षे घोकला. तेरीज जुळली नाही तर उरलेला फरक उचंत खात्यात टाकायचा आणि पुढचा प्रश्न सोडवायचा. उचंत खात्यासारखे दयाळू खाते जगात दुसरे नाही. माणसाच्या सगळ्या चुका ते पोटात घालते.

बँकेतल्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी माझ्या रोकडीत नऊ रुपये कमी आले. तीनदा मोजली, तिन्ही वेळा नऊच कमी. प्रोबेशनवरचा माणूस! इकडे तिकडे बघून मी स्वतःच्या खिशातले नऊ रुपये हळूच गल्ल्यात सरकवले. मागे हेडकॅशियर उभे होते. त्यांनी ते नऊ रुपये उचलून माझ्या खिशात परत घातले.

"फरक वहीत दिसू दे," ते म्हणाले. "आज कमी आले म्हणून गुपचूप घालशील, उद्या जास्त आले की गुपचूप काढशील."

मग ते शेजारी बसले. "नऊने भाग जातो ना? मग उलटसुलट झालेले आकडे शोध." चेक एकशे चोपन्नचा होता, पैसेही मी तेवढेच दिले होते, फक्त वहीत १५४ च्या जागी १४५ लिहिले होते. नऊची ही युक्ती कॉलेजात कुणी सांगितली नव्हती आणि पहिली गोष्ट तर अभ्यासक्रमातच नव्हती.

गेल्या मे महिन्यात नात एका ऑफिसात इंटर्नशिपला गेली. कंपनीचे धोरण ठरवायला मिळेल, अशी तिची कल्पना. मिळाले बँकेचे स्टेटमेंट आणि कॉम्प्युटरमधल्या नोंदी ताडून बघायचे काम. संध्याकाळी फोन आला.

"आजोबा, दोनशे सत्तरचा फरक येतोय. पण टॅलीत तर टोटल बरोबर आहे!"

"चूक दोन्ही बाजूंना सारखी लिहिली की टोटल बरोबरच येते. नऊने भाग."

"तीस. मग?"

"उलटसुलट आकडे शोध."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. १,८५० चे १,५८० झाले होते. पण आवाज पडलेला.

"आजोबा, एन्ट्री माझीच आहे. मागच्या आठवड्यातली. शेजारचा सीनियर म्हणतो, साहेबांना कशाला सांगतेस, आत्ता सस्पेन्सला टाक, नंतर बघू. उद्या माझ्या सर्टिफिकेटवर सही व्हायचीय."

खोटे कशाला बोलू, माझ्याही ओठांवर "टाक" असेच आले होते. नातीचे सर्टिफिकेट आणि उचंत खात्याचा स्वभाव, दोन्ही मला ठाऊक होते. पण तोंडातून निघाली ती नऊ रुपयांची गोष्ट. पन्नास वर्षांत ती मी कुणाला सांगितली नव्हती. ती ऐकून पलीकडे नात गप्प झाली. अलीकडे ही गप्प बसली नाही.

"आणि मला म्हणायचात, बँकेत एका पैशाची चूक केली नाही म्हणून!"

नातीने साहेबांना सांगितले. साहेबांनी सर्टिफिकेटवर सही केली आणि मागच्या चार महिन्यांची स्टेटमेंटे तिच्यापुढे ठेवली, "आता हीही तूच बघ" म्हणून. ती याला शिक्षा म्हणते. मला मात्र वाटते, पोरगी चिकटणार.